घरच्या सायकलीसाठी हत्यारे : तयार पेटी, घडीचा संच की सुटे पाने?

सायकलीची देखभाल घरीच करायचे ठरवले की पुढे तीन पर्याय येतात : ऑनलाइन मिळणारी वीस-पंचवीस नगांची तयार पेटी, खिशात मावणारा घडीचा संच आणि मोंढ्याजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून गरजेप्रमाणे घेतलेले सुटे पाने. परभणीत मी हे तिन्ही वापरून पाहिले आहेत आणि माझा कल सुट्या पान्यांकडे आहे. तरीही खरेदीला निघण्यापूर्वी आपली सायकल एकदा खाली वाकून नीट पाहावी, हे बरे.

दांडीच्या जुन्या 28 इंची सायकलीला चाकांपासून सीटपर्यंत बहुतेक ठिकाणी नट असतात. तिच्यासाठी 8 ते 17 मिमीपर्यंतचे दुतोंडी पाने, एक पक्कड आणि एक पेचकस एवढ्यावर बहुतेक कामे भागतात. गिअरच्या सायकलीला नट थोडे आणि ॲलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खाच असलेले) अधिक. तिच्यासाठी 4, 5 आणि 6 मिमीच्या ॲलन चाव्या आधी घ्याव्यात, आणि डिस्क ब्रेक असल्यास सहा पाकळ्यांच्या तोंडाची टी-25 चावीही लागते. तयार पेटीत हे बरेचसे असते, पण सोबत क्रँक (पायडल जोडलेला दांडा) ओढून काढणारे हत्यारही येते, जे कॉटर पिनवर, म्हणजे ठोकून बसवायच्या पाचरीसारख्या खिळीवर, बसवलेल्या क्रँकच्या दांडीच्या सायकलीला कधीच लागत नाही. माझ्या पेटीतले ते हत्यार अजून कोरे आहे. ज्याच्याकडे गिअरची सायकल आहे आणि ज्याला बेअरिंगपर्यंत स्वतः हात घालायचा आहे, त्याला मात्र पेटी सुट्या खरेदीपेक्षा स्वस्त पडू शकते.

घडीचा संच रस्त्यावरच्या अडचणीपुरता उत्तम. सीट वर-खाली करणे किंवा सैल झालेले हँडल आवळणे त्याने होते, पण दांडा आखूड असल्याने घट्ट बसलेल्या नटाला लागणारा जोर त्यातून मिळत नाही. पायडल काढायला बहुधा 15 मिमीचा, पातळ तोंडाचा आणि लांब दांड्याचा पाना लागतो. डावे पायडल उलट्या आट्याचे असते हे विसरून जोर लावला, तर ते सुटण्याऐवजी अधिकच आवळले जाते. सगळ्या मापांना चालतो म्हणून स्क्रू पाना घेण्याचा मोह होतो. मीही तो घेतला आणि पहिल्याच पावसाळ्यात मागच्या चाकाच्या गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करून बसलो. शेवटी तो नट छिन्नीने तोडावा लागला. पक्क्या मापाच्या पान्याला पर्याय नाही.

पैसे थोडेच असतील, तर ते आधी पंपावर खर्च करावेत. हातपंप हलका आणि स्वस्त असतो, पण दोन्ही चाके भरेपर्यंत दंड भरून येतात. पायांनी दाबून धरायचा उभा पंप महाग असला तरी रोजच्या वापराला सोयीचा ठरतो, आणि त्यावर काटा असल्यास टायरच्या कडेवर छापलेल्या दाबाशी ताडून पाहता येते. येथे एक अडचण आहे : दांडीच्या सायकलीच्या ट्यूबला रबरी नळीचा जुना व्हॉल्व्ह असतो, त्यातून हवा आत जाते पण उलट बाहेर येत नाही, म्हणून काट्यावरचा आकडा ट्यूबमधला खरा दाब दाखवत नाही. अशा सायकलीसाठी काट्याचे पैसे वाचवावेत आणि टायर अंगठ्याने दाबून पाहावे. गिअरच्या सायकलींना मोटारसायकलीसारखा जाड किंवा लांब-बारीक व्हॉल्व्ह असतो. पंपाचे तोंड आपल्या व्हॉल्व्हला बसते का, हे दुकानातच पाहून घ्यावे.

सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे यांमुळे आपल्याकडे पंक्चरचे सामान दुय्यम मानून चालत नाही. चिकटवायची तयार ठिगळे झटपट लागतात, परंतु मे महिन्यात दुपारभर उन्हात ठेवलेल्या माझ्या सायकलीच्या ठिगळाच्या कडा सुटल्या होत्या. कानस, सोल्यूशन आणि रबराचे ठिगळ ही पद्धत वेळखाऊ असली तरी टिकाऊ आहे. सोल्यूशन मात्र ठिगळ लावण्यापूर्वी बोटाला चिकटेनासे होईपर्यंत वाळू द्यावे. ट्यूब परत बसवण्याआधी टायरच्या आतून सुती फडके फिरवावे. काट्याचे मोडलेले टोक आत राहिले असेल तर फडके तिथे अडकते. टायर काढायला पेचकस वापरू नये, प्लास्टिकचे लिव्हर घ्यावेत.

साखळीची झीज मोजायला वेगळे माप विकत घेण्याची गरज नाही. पोलादी पट्टीचे शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवून ती पिन सोडून पुढच्या 24 पिना मोजाव्यात. नव्या साखळीत हे अंतर बरोबर 12 इंच भरते आणि ते एक सोळांश इंचाने वाढले की गिअरच्या सायकलीची साखळी बदलावी. तेलाबाबत गॅरेजमधले वापरलेले काळे इंजिन ऑइल फुकट मिळते खरे, पण काळ्या मातीची धूळ त्यावर बसून साखळीवर जणू उटणे तयार होते. सायकलीच्या साखळीचे तेल थेंबाथेंबाने घालून वरचे पुसून टाकावे. चाक सरळ करण्यासाठी स्पोक आवळण्या-सैल करण्याची चावी स्वस्त आहे, ती घ्यावी आणि एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये. कॉटर पिन मात्र मी अजूनही कोपऱ्यावरच्या मिस्त्रींकडेच नेतो. ती ठोकण्याचा अंदाज त्यांच्या हाताला आहे, माझ्या हाताला नाही.