जमिनीवर अंथरायची संख्यारेषा : पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठीचा एक संच

लहान मुलांना बेरीज आणि वजाबाकी शिकवण्यासाठीच्या या संचात 0 ते 20 अशी लांब कापडी पट्टी, लिहून पुसता येणाऱ्या काही छोट्या पट्ट्या आणि शिक्षक-पालकांसाठी एक पुस्तिका आहे. कापड टिकाऊ आहे, परंतु गुळगुळीत फरशीवर ते सरकते, म्हणून त्याच्या कडा चिकटपट्टीने पक्क्या कराव्या लागतात.

या पट्टीवर अंक चौकटींत न छापता रेषेवरच्या खुणांपाशी छापले आहेत आणि सुरुवात शून्यापासून केली आहे, एवढ्याच कारणासाठीही मी हा संच इतरांपेक्षा सरस मानेन. चौकटींच्या पट्टीवर 4 + 3 करताना अनेक मुले चारच्या चौकटीलाच ‘एक’ म्हणतात, पुढे ‘दोन, तीन’ मोजून सहावर थांबतात आणि उत्तर चुकले तरी ते का चुकले हे त्यांना कळत नाही. येथे दोन खुणांमधले अंतर पायाखाली असते. त्यामुळे मोजायची ती उडी, आपण उभे आहोत ती जागा नव्हे, हे मुलाला चालताना उमगते. ही चूक एकदम नाहीशी होत नाही. मात्र चारवर परत जाऊन पुन्हा उड्या मारल्या की मूल ती स्वतःच दुरुस्त करते, आणि मला तेच फार मोलाचे वाटते.

शून्याला लागूनच कापड कापले आहे, ही मात्र मोठी उणीव आहे. इंग्रज गणितज्ञ जॉन वॉलिस यांनी 1685 साली प्रसिद्ध केलेल्या बीजगणितावरील ग्रंथात, पाच यार्ड पुढे जाऊन आठ यार्ड मागे आलेल्या माणसाचे उदाहरण देऊन ऋण संख्येचा अर्थ सांगितला होता. शून्याच्या डावीकडे थोडी रेषा कोरी सोडली असती, तर ‘तीनमधून पाच मागे गेलो तर?’ असे विचारणाऱ्या मुलाला निदान पाय ठेवायला जागा मिळाली असती.

पुस्तिकेत 2 + 7 साठी सातपासून पुढे मोजण्याची युक्ती नीट उलगडली आहे, पण वजाबाकीचा विचार अपुरा आहे, कारण तेथे वजाबाकी म्हणजे केवळ मागे उड्या मारणे एवढेच सांगितले आहे. 12 − 9 साठी नऊ उड्या मागे मारताना मोजणी हमखास चुकते. त्याऐवजी नऊवर उभे राहून बारापर्यंत किती उड्या लागतात हे पाहिले, तर तीन हे उत्तर लगेच मिळते आणि दोन संख्यांमधला फरक म्हणजे त्यांच्यातले अंतर, हेही लक्षात येते. हा भाग शिकवणाऱ्याने आपणहून घ्यायलाच हवा.

छोट्या पट्ट्यांपैकी काहींवर नुसती रेषा आहे, एकही अंक नाही. नेदरलँड्समधील गणित-शिक्षणात रुजलेल्या रिकाम्या संख्यारेषेचाच हा प्रकार असून मोठ्या पट्टीवर सराव झालेल्या मुलांसाठी तो फार उपयोगी आहे : 8 + 5 साठी मूल आठ लिहिते, दोनची उडी काढून दहावर येते, मग तीनची उडी काढून तेरा गाठते. छापील रेषेवर मात्र दहाची खूण इतर खुणांसारखीच दिसते, म्हणून ती जाड रंगीत रेघेने स्वतः ठळक करून घ्यावी.