बेलोजमागे डिजिटल बॉडी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

जोड अशी : ४×५ इंच फिल्मचा मोनोरेल (एका दांड्यावर पुढे लेन्स, मागे फिल्म आणि मधे बेलोज म्हणजे घडीचा भाता असलेला व्ह्यू कॅमेरा), त्याच्या ग्राफलॉक बॅकवर, म्हणजे फिल्म होल्डर अडकवायच्या मागच्या चौकटीवर, सरकती अडॅप्टर प्लेट आणि प्लेटवर सोनी ए-सेव्हन थ्री ही डिजिटल बॉडी. लेन्स १५० आणि २१० मिमी, दोन्ही कोपल शटरमधल्या (लेन्समध्येच बसवलेलं शटर). ९० उसनी आणली होती, ती परत केली. का, ते आधी सांगतो, कारण प्लेट विकत घेताना बहुतेक जण इथेच फसतात.

फिल्म होल्डरमध्ये फिल्म बॅकच्या बैठकीपासून साधारण ५ मिमी मागे असते. सोनीचा सेन्सर माउंटच्या (बॉडीवर लेन्स बसते त्या कड्याच्या) १८ मिमी मागे आणि आमची प्लेट २० मिमी जाड. म्हणजे सेन्सर फिल्मच्या जागेपेक्षा ३३ मिमी मागे गेला. तेवढीच पुढची-मागची स्टँडर्ड (लेन्स आणि बॅक धरणाऱ्या चौकटी) जवळ आणावी लागतात. १५० ला अनंतावर ११७ च्या आसपास उरतात, काही अडचण नाही. ९० ला उरतात ५७, आणि आमचा साधा बेलोज कितीही दाबला तरी ७० च्या खाली येत नाही. बॅग बेलोज (घड्यांऐवजी मऊ पिशवीसारखा) आणि आत खोचलेला लेन्सबोर्ड लावून फोकस मिळाला, पण टिल्ट-शिफ्टला, म्हणजे स्टँडर्ड झुकवायला-सरकवायला, जागाच उरली नाही. मग व्ह्यू कॅमेरा घेऊन करायचं काय? निकॉनची जुनी डीएसएलआर लावायचा विचार असेल तर तिथे माउंटचेच ४६.५ मिमी धरा. त्याच जाडीच्या प्लेटवर १५० ला सुद्धा ९० पेक्षा कमी उरतात. बॉडी मिररलेसच घ्या.

दुसरी गोष्ट प्लेटच्या भोकाची. मोठं चित्र तुकड्यांत घेऊन जोडायचं तर सेन्सर सरकवावा लागतो, आणि तो बाजूला सरकवला की कोपरा काळा पडतो, पण बाहेरचा नव्हे, लेन्सच्या अक्षाकडचा. प्रकाश तिरका येतो आणि माउंटची त्या बाजूची कड त्याला अडवते. सोनीच्या माउंटचं तोंड ४६ मिमी आहे, ते बदलता येत नाही. प्लेटचं भोक मात्र सरळ नळीसारखं होतं. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर ते पुढच्या बाजूला ५६ मिमीपर्यंत उतरतं करून घेतलं आणि काळेपणा जवळजवळ गेला. आतून चमकणारं ॲल्युमिनियम तसंच ठेवू नका. मॅट काळा रंग, नाहीतर काळं मखमली कापड. लेन्सचं वर्तुळ २०० मिमीच्या पुढे, सेन्सर त्याचा इवलासा तुकडा घेतो. उरलेला प्रकाश बेलोजमध्ये फिरत राहतो आणि काळा दगड राखाडी दिसतो. लेन्ससमोर काळ्या कार्डाची चौकट धरली तरी फरक पडतो.

आमची चित्र जोडायची पद्धत : बॉडी उभी, प्लेट आडवी −३०, −१५, ०, १५, ३० मिमी. मागचं स्टँडर्ड १२ मिमी वर घेऊन एक ओळ, १२ मिमी खाली घेऊन दुसरी. दहा फ्रेम, बाजूने ९ मिमी आणि वर-खाली १२ मिमी ओव्हरलॅप. जोडलेलं क्षेत्र ८४×६० मिमी, म्हणजे सुमारे १४,०००×१०,००० पिक्सेल. शिफ्ट मागच्याच स्टँडर्डची करा. पुढची केली तर लेन्स हलते, खांबामागचा खांब सरकतो आणि सॉफ्टवेअर जोड चुकवतं.

कॅमेऱ्यात : लेन्सशिवाय रिलीज चालू, स्टेडीशॉट (हादरे सावरणारी सोय) बंद, एक्स्पोजर मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स ठरलेला, आयएसओ १००. कोपल शटर टी वर उघडं ठेवायचं, एक्स्पोजर बॉडीने. ॲपर्चर एफ ११. फिल्मवाल्यांना एफ २२ ची सवय असते, पण तिथे डिफ्रॅक्शनचा (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याचा) ठिपका ३० मायक्रॉनच्या घरात जातो आणि पिक्सेल ६ मायक्रॉनचासुद्धा नाही. फोकस लाइव्ह व्ह्यू मोठा करून एफ ११ वरच पुन्हा तपासा, काही लेन्स ॲपर्चर बंद करताना फोकस सरकवतात.

सगळ्यात डोकं खातं ते लेन्स आणि सेन्सरचं समांतरपण. फिल्मवर एफ २२ ला फोकसची सूट ४ मिमीच्या वर असते. इथे एफ ११ ला पिक्सेलच्या हिशेबाने जेमतेम ०.१३ मिमी. बॉडी ६५० ग्रॅमची, मागे लोंबते आणि स्टँडर्ड किंचित झुकतं. स्टँडर्ड सरळ असल्याचं सांगणाऱ्या शून्याच्या खाचेवर विश्वास ठेवू नका. भिंतीवर छापील कागद लावा, चारही टोकांना सेन्सर नेऊन धार तपासा, मगच कुलूप आवळा. जुन्या लाकडी फील्ड कॅमेऱ्यावर हे काम आम्हाला जमलं नाही, आणि जमेल असं वाटतही नाही.

ग्राफलॉकच्या फटीतून प्रकाश शिरतो. लेन्सला टोपी, ३० सेकंद एक्स्पोजर आणि बाहेरून टॉर्च फिरवा. कुठून येतो ते लगेच कळतं. आमच्या प्लेटला फेल्टची पट्टी लावावी लागली. किंमत पाहता ती आतच हवी होती.

धूळ. बेलोज शेवटी भाताच आहे, ओढला की हवा आत घेतो. खानापूरकडच्या लाल मातीत दोन तास काम केलं की सेन्सरवर ठिपके हमखास, आणि दहा फ्रेममध्ये तेच ठिपके दहा वेळा. बेलोज हळू ओढा, बॉडी शेवटी लावा, ब्लोअर खिशात ठेवा. पावसाळ्यात बेलोज, लेन्स सगळं सिलिका जेलसकट बंद डब्यात, नाहीतर लेन्सला बुरशी धरते.

बेळगाव किल्ल्यातल्या कमल बस्तीच्या छतातलं कमळ, हलशीच्या भूवराह-नरसिंह मंदिराचे खांब, असे स्थिर आणि बारीक कोरीव विषय या जोडीला शोभतात. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत ट्रायपॉडची परवानगी आधी काढा. छताखाली कॅमेरा वर रोखताना मोनोरेलचं डोकं दोन्ही बाजूंनी आवळा आणि प्रत्येक फ्रेमआधी दहा सेकंद थांबा. गोकाक धबधब्यावर मात्र जोडकाम चालत नाही. दोन फ्रेमच्या मधे पाणी बदललेलं असतं. तिथे सेन्सर मधोमध ठेवून एकच फ्रेम, आणि बाजूच्या कड्याच्या फ्रेम वेगळ्या काढून पाण्याबाहेर जोडा.