युरेनियमच्या शोधासाठी हातातला गॅमा स्पेक्ट्रोमीटर: वापरून सांगतोय

कर्नाटकात यादगीर जिल्ह्यातल्या गोगीच्या आसपास, भीमा खोऱ्यातल्या दगडांवर मी हा सोडियम आयोडाइडच्या स्फटिकाचा, दगडातून येणारे गॅमा किरण मोजणारा स्पेक्ट्रोमीटर भरपूर चालवलाय. पाचपैकी चार तारे.

या भागात तळाला ग्रॅनाइट आणि वर चुनखडी. नुसते काउंट, म्हणजे किती किरण आले तेवढंच मोजणारं यंत्र गुलाबी ग्रॅनाइटवर टेकवलं की आकडा चढतो आणि नवखी पोरं हरखतात. खरं तर ते बहुतेक पोटॅशियम आणि थोरियम असतं. हा स्पेक्ट्रोमीटर तिघांना वेगळं करतो: पोटॅशियम १.४६, युरेनियम १.७६ आणि थोरियम २.६२ एमईव्हीवर (एमईव्ही म्हणजे किरणाची ऊर्जा मोजायचं एकक). थोरियम जागच्या जागी आणि युरेनियम एकटंच वर गेलं, की मी तिथे थांबतोच. कारण ऑक्सिजन असलेल्या पाण्यात युरेनियम विरघळून वाहतं, थोरियम सहसा हलत नाही. गोगीत फॉल्टने (जिथे खडक तुटून सरकलेत त्या भेगेने) चुनखडी आणि खालचा ग्रॅनाइट दोन्ही चिरडले, भेगांतून पाणी खेळलं, आणि पायराइट किंवा सेंद्रिय कार्बन भेटला तिथे युरेनियम पिचब्लेंड आणि कॉफिनाइट या खनिजांच्या रूपात बसलं. कोअर बॉक्समध्ये (बोअरमधून काढलेल्या दगडाच्या कांड्यांच्या पेटीत) तुटक्या चुनखडीतल्या काळ्या शिरेवर हा टेकवा, आकडा उसळतो. वीतभर बाजूला अखंड चुनखडीवर सरकवा, लगेच खाली येतो. धातुक किती अरुंद पट्ट्यात आहे, ते तिथल्या तिथे कळतं.

एक तारा कापला तो उन्हासाठी. स्फटिक तापला की आलेखातली या तिघांची शिखरं सरकतात, म्हणून दुपारी पुन्हा स्टॅबिलायझेशन करावंच लागतं, म्हणजे ती जागेवर आणावी लागतात. गाडीच्या एसीतून काढून थेट उन्हात तर नेऊच नका, स्फटिक तडकू शकतो.

बाकीच्या मर्यादा यंत्राच्या नाहीत, गॅमाच्या आहेत. अर्धा मीटर काळी माती असली तरी खालचा गॅमा जवळपास अडतो, त्यामुळे शेतात रीडिंग नाही म्हणून जागा सोडून देऊ नये. खड्ड्यात किंवा कपारीत चहूबाजूंनी दगड असतो, तिथे आकडा फुगतो. सपाट दगड निवडा. आणि १.७६ची रेषा युरेनियमची स्वतःची नाही, त्याच्या विघटनाच्या साखळीत तयार होणाऱ्या बिस्मथ-२१४ची आहे. पाण्याने युरेनियम धुऊन नेलं आणि त्याच साखळीतलं रेडियम मागे राहिलं, तरी पडद्यावर युरेनियम भरपूर दिसतं. म्हणून चांगल्या रीडिंगचा नमुना प्रयोगशाळेत पाठवल्याशिवाय मी नकाशावर टक्केवारी लिहीत नाही.

बिस्मथ जर्मनेटचा स्फटिक असलेलं मॉडेल मिळालं तर तेही पाहा: तेवढ्याच आकारात काउंट जास्त मिळतात, शिखरं मात्र पसरट येतात. कोअर बघायचं काम जास्त असेल तर मी सोडियम आयोडाइडच घेईन.