६.५ मीटरचे शीड, ४६० चा मास्ट: एका वापरलेल्या विंडसर्फिंग संचाचे परीक्षण

विंडसर्फिंगचे नवे सामान परदेशातून मागवायचे म्हटले की बोर्डाच्या किमतीइतकीच धास्ती वाहतुकीच्या आणि सीमाशुल्काच्या बिलाची वाटते, त्यामुळे आपल्याकडची बहुतेक हौशी मंडळी एकमेकांचे वापरलेले सामानच घेतात. प्रस्तुत परीक्षण अशाच एका संचाचे आहे. त्यात ६.५ चौरस मीटरचे, कॅम (शिडातल्या आडव्या काड्या मास्टवर टेकवणारे चिमटे) नसलेले फ्रीराइड, म्हणजे हौशी सफरीचे, शीड, ७५ टक्के कार्बनचा ४६० सेंटीमीटर लांबीचा बारीक व्यासाचा मास्ट (शिडाची डोलकाठी), लांबी बदलता येणारा ॲल्युमिनियमचा बूम (हातांनी धरायची आडवी दांडी) आणि १३५ लिटरचा बोर्ड एवढे साहित्य आहे. हे सामान मी गोव्यात, करंझाळे ते दोना पावला या पट्ट्यात, उन्हाळ्यातल्या दुपारच्या वाऱ्यावर वापरले. माझे वजन ७४ किलो आहे. पुढचे आकडे वाचताना ते ध्यानात असू द्यावे. कंपन्यांची नावे मुद्दाम देत नाही, कारण या वर्गातले सामान सगळ्याच मोठ्या कंपन्या बनवतात आणि त्यांच्यातला फरक सामान बांधण्याच्या पद्धतीतल्या फरकापेक्षा पुष्कळ कमी असतो.

गोव्याच्या किनाऱ्यावर फेब्रुवारी ते मे या काळात दुपारी वायव्येचा खारा वारा सुटतो. तो साधारण १० ते १५ नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) आसपास खेळतो. करंझाळ्याला तो समोरच्या आग्वादच्या बाजूने तिरका किनाऱ्याकडे येतो, म्हणून काही बिघडलेच तरी माणूस समुद्रात न जाता वाळूवर येऊन लागतो. या वाऱ्याला ५ मीटरचे शीड अपुरे पडते आणि ८ मीटरचे शीड पाण्यातून उचलताना नवख्याची दमछाक होते. एकच शीड घ्यायचे असेल, तर माझ्या वजनाच्या माणसाने ६.५ च्या आसपासचे घ्यावे. वारा १३-१४ नॉटवर गेला की बोर्ड पाणी कापणे सोडून पाण्यावरून घसरू लागतो, म्हणजेच प्लेनिंगला लागतो, आणि सगळ्या खटाटोपाचे चीज होते.

या शिडाविषयी विकणाऱ्याने आधीच सांगून ठेवले होते की ते ‘जड’ आहे आणि झोत आला की मागच्या हाताला ओढते. त्याने बांधून दाखवले तेव्हा कारण समोरच दिसत होते: डाउनहॉल निम्माच ओढलेला होता. शीड मास्टच्या बुंध्याकडे खाली ताणणारी ही दोरी म्हणजे आधुनिक शिडाचा प्राण आहे. शीड ताणले की मास्ट वाकतो, आणि वाकलेल्या मास्टमुळे शिडाच्या वरच्या भागाची मागची कड, म्हणजे लीच, सैल पडते. झोत आला की हा सैल भाग पिळवटून जास्तीचा वारा सोडून देतो आणि शिडाचा जोर पुढे व खाली राहतो. डाउनहॉल कमी असेल तर तोच जोर मागे सरकतो, मागचा हात ओढला जातो आणि माणूस शिडाला नावे ठेवतो.

जमिनीवर आडवे पडलेले असताना नीट ताणलेले शीड बिघडल्यासारखे दिसते, ही नवख्यांची खरी अडचण आहे. या शिडावर वरून दुसऱ्या आणि तिसऱ्या बॅटनच्या, म्हणजे आडव्या काडीच्या, मधल्या पारदर्शक भागावर दोन खुणा छापल्या आहेत. लीचची सैल सुरकुती पहिल्या खुणेपर्यंत आली की किमान ताण झाला आणि दुसरीपर्यंत आली की कमाल. किमान आणि कमाल यांत दोरीचा फरक जेमतेम दोन सेंटीमीटरचा आहे, पण शेवटचे हे दोन सेंटीमीटर नुसत्या हाताने ओढले जात नाहीत. पाय मास्टच्या बुडाला टेकवून, दोरी हार्नेसच्या (बूमच्या दोऱ्यांत अडकवायच्या कमरपट्ट्याच्या) हुकाला किंवा आडव्या दांडीला गुंडाळून पाठीच्या जोरावर मागे रेलावे लागते. कमाल खुणेपर्यंत ताणल्यावर हेच शीड १५ नॉटच्या झोतातही शांत राहिले. शीड बूमच्या मागच्या टोकाकडे ताणणाऱ्या दोरीचे, म्हणजे आउटहॉलचे, मात्र उलटे आहे. तो ओढायला सोपा असल्यामुळे लोक जास्तच ओढतात आणि शिडाचे पोट सपाट करून टाकतात. हलक्या वाऱ्यात शीड नुसते ताठ होईल एवढाच तो पुरे, आणि जोराच्या वाऱ्यात त्याहून दोन-तीन सेंटीमीटर अधिक.

मास्ट हा संचातला सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग. त्याचा ताठपणा आयएमसीएस या अंकाने मोजतात. ४६० च्या मास्टला तो प्रमाण म्हणून २५ असतो, ४३० च्या मास्टला २१. वापरलेल्या मास्टवरचे छापील आकडे बहुधा पुसलेले असतात, पण मोजणी घरीही जमते. मास्टची दोन्ही टोके, प्रत्येकी पाच सेंटीमीटर सोडून, दोन स्टुलांवर टेकवावीत, मध्यावर रुंद पट्ट्याने ३० किलो वजन टांगावे आणि मधला भाग किती खाली झुकला ते मोजावे. मास्टच्या लांबीला या झुकावाने भागले की अंक मिळतो. तांदळाची ३० किलोची गोणी टांगल्यावर आमचा मास्ट साडेअठरा सेंटीमीटर झुकला, म्हणजे अंक जवळजवळ २५ आला. एवढ्याने मात्र निश्चिंत होता येत नाही. मास्ट एकूण किती वाकतो यासोबत तो कुठे जास्त वाकतो हेही शिडाशी जुळावे लागते. काही कंपन्यांची शिडे टोकाला मऊ असलेल्या मास्टसाठी कापलेली असतात, काहींची टोकाला ताठ असलेल्या मास्टसाठी, आणि भलत्या जोडीत कितीही डाउनहॉल ओढला तरी सुरकुत्या चुकीच्या जागी पडतात. इथे शीड आणि मास्ट एकाच कंपनीचे असल्यामुळे हा प्रश्न आला नाही. जुन्या सामानात अशी जुळलेली जोडी मिळत असेल तर थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही.

बूम ठीक आहे. त्याचे रबरी आवरण पुढच्या हाताच्या जागी झिजले आहे आणि लांबी ठरवणारी एक खिटी मिठाने घट्ट बसली आहे, पण मास्टला पकडणारा जबडा पक्का आहे. बूम खांद्याच्या उंचीवर बांधून सुरुवात करावी आणि हार्नेसची सवय झाली की हनुवटीपर्यंत चढवावा. सोबत आलेल्या हार्नेसच्या दोऱ्या २४ इंचांच्या होत्या; त्यांत माणूस शिडाला चिकटून उभा राहतो आणि हात सरळ होत नाहीत. २८ इंचांच्या दोऱ्या लावल्यावर पुढचा हात मोकळा सरळ झाला आणि अंगाचे वजन बूमवरून मास्टच्या पायथ्याशी जाऊ लागले. मागच्या हातावर ओढ राहिली तर दोऱ्या थोड्या मागे सरकवाव्यात, पुढच्या हातावर राहिली तर पुढे. मागच्या हाताची ओढ पुष्कळदा अपुऱ्या डाउनहॉलची असते, म्हणून दोऱ्यांना हात लावण्याआधी ती खूण पुन्हा एकदा पाहावी.

१३५ लिटरचा बोर्ड माझ्या वजनाला पुरेसा तरंगता आहे. शीड दोरीने उचलताना तो पायाखाली डुगडुगत नाही. पायांच्या पट्ट्यांना आतली आणि कडेची अशा दोन जागा आहेत. विकणाऱ्याने त्या कडेला लावलेल्या होत्या, पण वेग पक्का जमेपर्यंत त्या आतच असाव्यात, कारण प्लेनिंग सुरू होण्याआधी कडेच्या पट्टीत पाय घातला की बोर्ड वाऱ्याकडे वळून थांबतो. क्रम असा: झोत येताना बोर्डाचे तोंड वाऱ्यापासून थोडे वळवावे, हार्नेसमध्ये वजन टाकावे, एक पाऊल मागे यावे आणि वेग आल्यावरच आधी पुढचा पाय पट्टीत सरकवावा. मास्टचा पायथा बोर्डावरच्या खाचेच्या मध्यावर ठेवला तेव्हा हे सगळे सहज झाले. जोराच्या वाऱ्यात बोर्डाचे नाक उडू लागले की तो थोडा पुढे घ्यावा. सोबतचे ४६ सेंटीमीटरचे फिन (बोर्डाखालचे मागचे पाते) ६.५ च्या शिडाला योग्य आहे, मात्र ओहोटीच्या वेळी किनाऱ्याजवळ ते वाळूला लागते.

पॅरिस २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये विंडसर्फिंग हायड्रोफॉइलवर, म्हणजे बोर्डाला पाण्याबाहेर उचलणाऱ्या पाण्याखालच्या पंखावर, झाल्यापासून ‘याला फॉइल लागेल का’ असे सगळेच विचारतात. या बोर्डाची फिनची पेटी त्या भारासाठी मजबूत केलेली नाही आणि फॉइलला जवळपास मीटरभर खोल पाणी लागते, तेव्हा तो विचार या संचापुरता सोडून द्यावा.

तक्रारीची गोष्ट एकच, पण गंभीर आहे. मास्ट आणि बोर्ड यांना जोडणारा लवचीक रबरी सांधा ‘उत्तम’ म्हणून दिला होता. तो दोन्ही बाजूंना हाताने वाकवून पाहिला तेव्हा मुळाशी नखाएवढी चीर उघडली. हा सांधा पाण्यात तुटला तर शीड एकीकडे आणि बोर्ड दुसरीकडे जातो, आणि बोर्ड पोहणाऱ्या माणसापेक्षा वेगाने वाहतो. सांधा लगेच बदलला आणि नव्यासोबत आधाराची दोरी आहे याची खात्री करून घेतली. मास्टच्या दोन तुकड्यांच्या जोडात वाळूही होती. जोडण्याआधी ती पुसली नाही तर तुकडे अडकतात आणि सोडवायला चार माणसे लागतात. शिडाचा पारदर्शक भाग उन्हाने किंचित पिवळसर झाला आहे, पण दुमडल्याच्या जागी अजून तडकलेला नाही. वापरानंतर गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून, टोकाकडून गुंडाळून ठेवला तर आणखी काही हंगाम तो सहज काढेल.

शीड उचलणे आणि वळणे ज्यांना येते आणि आता हार्नेस शिकायचे आहे, अशा ६५ ते ८० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी हा संच मी निःसंकोच सुचवेन. अगदी पहिल्या दिवसासाठी मात्र नाही. त्यासाठी मध्यभागी डॅगरबोर्ड (बोर्ड आडवा घसरू न देणारी खालची फळी) असलेला रुंद बोर्ड भाड्याने घ्यावा. सौदा करताना नवा सांधा, डाउनहॉलची नवी दोरी आणि हार्नेसच्या दोऱ्या यांचा खर्च मागितलेल्या किमतीतून वजा करून घ्यावा. शीड ‘जड’ असल्याची विकणाऱ्याची समजूत मात्र पैसे चुकते होईपर्यंत दूर करू नये.