सर्व्हिसच्या पिकअपमध्ये नेट: हॉटस्पॉट, डोंगल की बसवलेला राउटर?

जनरेटर, लिफ्ट, सोलर पंप असल्या सर्व्हिसच्या गाडीत आता नेट लागतंच. टॅबवर जॉबकार्ड भरायचं, कंट्रोलरला लावलेल्या लॅपटॉपवर फाइल उतरवायची, डॅशकॅमची क्लिप ऑफिसला पाठवायची. मी राउटर बसवून घेतला आहे आणि माझा कल त्याच्याकडेच आहे, हे आधीच सांगतो. तरी प्रत्येक गाडीला तो लागेलच असं नाही.

वेगात फोनच्या हॉटस्पॉटला तोड नाही. फोन ५जी असेल तर ठरावीक प्लॅनवर अमर्याद ५जी मिळतं. तेच सिम ४जी राउटरमध्ये घातलं की रोजच्या कोट्यावर येतं, आणि कोटा संपला की ६४ केबीपीएसवर, म्हणजे बंदच धरा. गाडीत एकच माणूस असेल आणि लॅपटॉप दिवसातून दोन-चारदाच उघडत असेल, तर खर्चात पडू नये. फक्त मे महिन्यात जळगाव-अकोल्याकडे डॅशबोर्डवर फोन ठेवून चार्जिंग आणि हॉटस्पॉट एकदम चालवू नका. फोन तापतो, आधी चार्जिंग थांबतं, मग वेग पडतो. एसीच्या झरोक्यासमोरचा स्टँड बरा.

डोंगल, म्हणजे स्वतःची बॅटरी असलेली सिमची वायफाय डबी, दोन-तीन हजारांत येतो, फोनची बॅटरी वाचते, आठ-दहा उपकरणं जोडता येतात. घेताना तो एकाच कंपनीच्या सिमला लॉक केलेला नाही ना, ते बघा. त्याची लिथियम बॅटरी मात्र बंद केबिनच्या उन्हात टिकत नाही, फुगते. बॅटरी काढून नुसत्या यूएसबीवर चालवावा म्हटलं, तर बरेच डोंगल बॅटरीशिवाय सुरूच होत नाहीत.

पण या दोन्हींतली खरी कटकट बटणाची आहे, आणि माझा निर्णय तिनेच केला. हॉटस्पॉट चालू करायला माणूस लागतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर काही मिनिटं कोणी जोडलेलं नसलं की तो आपोआप बंद होतो. ती सेटिंग बदलता येते, पण प्रत्येक फोनमध्ये ती वेगळ्या ठिकाणी दडलेली असते. आयफोनवर हॉटस्पॉटचं पान उघडल्याशिवाय लॅपटॉपला कधी कधी नावच दिसत नाही. शिवाय फोन टेक्निशियनच्या खिशात. तो बेसमेंटमध्ये उतरला की गाडीतला टॅब आणि कॅमेरा दोन्ही अडकून पडतात. डोंगलची तऱ्हा वेगळी. रात्रीत बॅटरी पूर्ण उतरली आणि सकाळी गाडी चालू केली, की तो चार्ज व्हायला लागतो, पण चालू होत नाही. बॅटरीचा दिवा लुकलुकतो म्हणून बघणाऱ्याला वाटतं नेट आहे. बटण दोन-तीन सेकंद दाबून धरायचं राहून जातं, आणि दिवसभराची जॉबकार्डं टॅबमध्येच साठतात. गाडीवर रोज वेगळा ड्रायव्हर असेल तर हे कितीही समजावलं तरी पुरत नाही. बसवलेल्या राउटरमध्ये बॅटरी नाही, चालू करायचं बटण नाही. करंट मिळाला की तो उठतो.

राउटर घरगुती घेऊ नका. त्याला नेमका ९ किंवा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, आणि गाडी चालू असताना लाइनवर १४ च्या वर व्होल्टेज असतं. गाडीसाठी ९ ते ३० व्होल्ट चालणारा घ्यावा, उदाहरणार्थ टेल्टोनिकाचा आरयूटी२४१. तो उणे ४० ते ७५ अंश तापमानासाठी बनवलेला आहे. किंमत दहा हजारांच्या पुढे जाते, हा खरा आक्षेप. २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये मात्र तोही थेट जोडू नका. चार्जिंगला २८ च्या वर जाणारी लाइन आणि ३० ची मर्यादा यांत फार फट उरत नाही. मध्ये २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर टाका.

काम बिघडतं ते वायरिंगमध्ये. इलेक्ट्रिशियन सवयीने किल्लीवरच्या वायरीवरून सप्लाय घेतो. सेल्फ मारताना ती लाइन क्षणभर मरते, राउटर रीस्टार्ट होतो आणि नेट यायला एक-दोन मिनिटं जातात. दर साइटला गाडी बंद-चालू होत असेल तर हे फार जाचतं. म्हणून सप्लाय थेट बॅटरीवरून घ्या, बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत ३ अँपिअरचा फ्यूज घाला, आणि पुढे लो-व्होल्टेज कटऑफ (बॅटरी उतरली की सप्लाय तोडणारा) १२.१ व्होल्टच्या आसपास लावा. कटऑफ काही सेकंद थांबून तोडणारा हवा, नाहीतर सेल्फ मारतानाच तोडेल. राउटर अर्ध्या अँपिअरच्या आसपास खातो, म्हणजे बारा तासांत ६ अँपिअर-तास. धडधाकट बॅटरीला ते जड नाही. बॅटरी जुनी असून सेल्फला व्होल्टेज ९ च्या खाली जात असेल तर बक-बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी एकसारखं देणारा) लागेल.

अँटेना दोन लागतात, कारण ४जी दोन वाटांनी ऐकतं. एकच लावून दुसरं तोंड मोकळं सोडलेले राउटर मी पुष्कळ पाहिलेत. दोन्ही केबिनच्या पत्र्यावर, एकमेकींपासून निदान वीतभर लांब लावा. चुंबकाच्या अँटेना लोखंडी छतावरच बसतात. अ‍ॅल्युमिनियम किंवा फायबरच्या बॉडीला बोल्टच्या घ्या. केबल दोन-तीन मीटरच्या वर नको, कारण बारीक आरजी१७४ केबल दर मीटरला सिग्नल खाते. ४जी अँटेनाच्या केबलचं टोक एसएमए प्रकारचं लागतं. दुकानात ते मागितल्यावर हातात आरपी-एसएमए पडू शकतं. दोन्हींचे आटे जुळतात, पण मधली पिन जुळत नाही. आरपी-एसएमए वायफायसाठी असतं.

सेटिंगमध्ये पिंग रीबूट (नेट आहे का ते तपासत राहून, नसेल तर रीस्टार्ट करणारी सोय) चालू करा, पण त्यात पूर्ण राउटरऐवजी फक्त मोडेम, म्हणजे टॉवरशी बोलणारा भाग, रीस्टार्ट निवडा आणि अंतर दहा मिनिटांचं ठेवा. नाहीतर ताम्हिणीसारख्या घाटात टॉवर नसताना तो उगाच उठबस करत राहतो. जिओचं सिम गावाकडे २३०० मेगाहर्ट्‌झच्या ४० नंबर बँडला (लहरींच्या पट्ट्याला) चिकटून बसत असेल तर ३ आणि ५ हे बँडच निवडून बघा. ८५० चा ५ नंबर लांब पोचतो. शहरात परतल्यावर हे काढायचं विसरू नका, वेग अर्धवट मिळेल. परदेशातून कोणी राउटर आणून देत असेल तर आधी हे बँड त्यात आहेत का ते पाहा.

टॉवरच नसेल तिथे कुठलीही अँटेना चालत नाही. बाजारात मिळणारे सिग्नल बूस्टर खासगी वापराला बेकायदा आहेत आणि आसपासच्या लोकांचं नेटवर्क बिघडवतात. जीपीएस ट्रॅकरचं, फक्त यंत्रांसाठी असलेलं १३ आकडी नंबरचं सिम राउटरमध्ये घालूनही उपयोग नाही.

दोन सिमचा राउटर घ्यावा का? गाडी कोकणात आणि घाटमाथ्यावर दोन्हीकडे फिरत असेल तर घ्या. पण आत मोडेम एकच असतो. दोन्ही सिम एकदम चालत नाहीत, आणि बदलताना मिनिटभर नेट जातं. गाडी एकाच जिल्ह्यात असेल तर आधी दोन कंपन्यांची सिमं दोन फोनमध्ये घालून नेहमीच्या रस्त्याने फिरवा. जिथे जास्त वेळ थांबता तिथे ज्याचा आरएसआरपी (सिग्नलच्या ताकदीचा आकडा, डीबीएममध्ये) उणे १०५ च्या वर राहील, त्याचंच सिम राउटरमध्ये जावं.