अर्डुइनो उनो आणि सीरियल पोर्ट: काही महिन्यांच्या सलग वापरानंतर

गच्चीचा स्लॅब, पाण्याची टाकी आणि सावलीतील हवा या तिन्हींचे तापमान अर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावरून यूएसबी केबलने, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणाऱ्या सीरियल पोर्टमार्गे, एका जुन्या लॅपटॉपवर नोंदवण्याची व्यवस्था आमच्याकडे उन्हाळ्यापासून चालू आहे. डीएस18बी20 जातीचे तिन्ही सेन्सर एकाच डेटा वायरवर, 4.7 किलोओमच्या पुलअप रेझिस्टरसह (वायर मोकळी असताना तिचा व्होल्टेज वर धरून ठेवणारा रोधक) जोडलेले आहेत. अशा कामाला 9600 बॉडचा (सेकंदाला 9600 बिटांचा) वेग पुरतो. एका अक्षराला 10 बिट लागत असल्याने त्या वेगाने सेकंदाला 960 अक्षरे जातात, तर सेन्सरला 12 बिटच्या एका मोजणीसाठीच 750 मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो.

खरे लक्ष द्यावे लागते ते पोर्ट उघडण्याच्या क्षणाकडे. लॅपटॉपवरील पायथन प्रोग्रॅमने पोर्ट उघडला की डीटीआर (संगणक तयार असल्याचे कळवणारी तार) या तारेवरील संकेतामुळे उनो रीसेट होतो, बूटलोडर (बोर्ड सुरू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) थोडा वेळ घेतो आणि बोर्ड सुरू झाल्यापासूनच्या मिलिसेकंदांची मोजणी शून्यापासून सुरू होते. बोर्ड रीसेट झालाच नाही, तरी ती मोजणी सुमारे 49.7 दिवसांनी आपोआप शून्यावर येते. म्हणून प्रत्येक नोंदीवर तारीख-वेळ लॅपटॉपनेच घालावी, असे माझे ठाम मत आहे. बोर्डाचा मिलिसेकंदांचा आकडाही मी प्रत्येक ओळीत पहिला ठेवला आहे, कारण तो आधीच्या ओळीपेक्षा लहान आला की बोर्ड पुन्हा सुरू झाल्याचे लगेच कळते.

प्रत्येक ओळ ‘41237,58.25,31.50,29.81’ अशी असते आणि तिच्या शेवटी चेकसम (ओळीतील अक्षरांवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जोडलेला असतो. नेहमीच्या मांडणीत पॅरिटी बिट (प्रत्येक अक्षरासोबत जाणारा तपासणीचा बिट) नसल्यामुळे बिघडलेले अक्षर ओळखण्याचा दुसरा मार्ग उरत नाही. चेकसम न जुळणारी ओळ प्रोग्रॅम सरळ टाकून देतो. मात्र सेन्सरनेच चुकीचे वाचन दिले, तर चेकसमचा काही उपयोग होत नाही. वीजपुरवठा तुटून परत आला आणि मोजणी होण्याआधीच वाचन घेतले, तर हा सेन्सर नेमके 85 अंश दाखवतो. तार सुटल्यास सेन्सर वाचण्यासाठी बोर्डावर वापरलेली लायब्ररी (तयार कोड) उणे 127 देते. उणे 127 कोणाच्याही नजरेत भरते, पण तापलेल्या स्लॅबच्या आलेखात 85 खपून जाऊ शकतो. त्यामुळे या दोन्ही आकड्यांची गाळणी प्रोग्रॅममध्ये अवश्य ठेवावी.

कंपनांसारखे झपाट्याने बदलणारे मोजमाप असेल, तर मात्र 9600 वर भागणार नाही. बोर्डाचा 64 बाइटचा बफर (पाठवायची अक्षरे तात्पुरती साठवण्याची जागा) भरला की प्रिंटची आज्ञा जागा होईपर्यंत थांबून राहते आणि पुढचे वाचन तेवढे लांबते.