मेणकागदी निगेटिव्ह : आठ महिन्यांच्या वापरानंतर

1850च्या दशकात इजिप्तमधली नाईलकाठची देवळं टिपायला फ्रेंच फोटोग्राफर गुस्ताव्ह ल ग्रेची जी पद्धत वापरली गेली, म्हणजे काचेऐवजी मेण मुरवलेल्या कागदावर निगेटिव्ह (उलट्या छटांची मूळ प्रतिमा) घ्यायची, तीच 8×10 इंची कॅमेऱ्यात आठ महिने चालवून पाहिली. निकाल आधीच सांगतो: दगडी वास्तूंच्या फोटोंसाठी उत्तम, बाकी कशासाठीही घेऊ नका.

सगळा खेळ कागदाचा. आजच्या 'आर्काइव्हल' (दीर्घकाळ टिकणाऱ्या) कागदांत बहुधा बफर म्हणून कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असतं. त्याचं आम्लाशी जमत नाही आणि निगेटिव्हवर ठिपके उठतात. म्हणून कागद पातळ, सुती, बफर नसलेलाच घ्या. मधमाश्यांचं पांढरं मेण साधारण 63 अंशांना वितळतं. ते कागदात मुरवायचं आणि टीपकागद बदलत बदलत इस्त्री फिरवायची. मग कागद तिरप्या उजेडात धरा. कुठे चकाकला, तर तिथे वरवर जादा मेण उरलंय. त्या जागी पुढच्या द्रावणातलं आयोडाइड शिरत नाही आणि नेमका त्याच आकाराचा फिका डाग निगेटिव्हवर येतो.

पुढे पेजेच्या निवळीत लिटरमागे सुमारे 15 ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आणि 40 ग्रॅम दुग्धशर्करा घालून त्यात दोन तास बुडवायचं, वाळवायचं. (जुन्या कृतीत सायनाइडही आहे. ते विसरा.) नंतर अंधाऱ्या खोलीत 7 टक्के सिल्व्हर नायट्रेट आणि थोडं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड; यानेच कागद उजेड टिपायला लागतो. मग डिस्टिल्ड पाण्याने धुणं, आणि ग्यानबाची मेख इथेच आहे: जास्त धुतला तर कागद आठवडाभर टिकतो पण मंद होतो (उजेड कमी टिपतो), कमी धुतला तर दुसऱ्याच दिवशी तपकिरी. मुंबईच्या पावसाळ्यात तो नीट वाळतच नाही, तेव्हा नादी लागू नका.

प्रवासात मात्र याला तोड नाही. इंग्लिश फोटोग्राफर फ्रान्सिस फ्रिथ इजिप्तला काचा घेऊन गेला, तर तापलेल्या तंबूत कलोडियन (काचेवर ओतायचं ईथरमिश्रित चिकट द्रावण) ओतता ओतताच उकळायचं. ईथर 35 अंशांखालीच उकळतं, दुसरं काय होणार! शिवाय काच ओली असेपर्यंतच सगळं उरकायचं. 1853-54 मध्ये तिथेच गेलेल्या फोटोग्राफर जॉन बीस्ली ग्रीनला मेणकागद आधी तयार करून ठेवता येत होता आणि डेव्हलपिंगही लगेच करायची घाई नव्हती.

एक्स्पोजर (कागदावर उजेड पडू देण्याचा वेळ) भर उन्हात एफ 16ला, म्हणजे भिंगाचं छिद्र बारीक ठेवून, 8 ते 15 मिनिटं. खांब हलत नाहीत, सावल्या हलतात. कडा मऊ पडतात त्या त्यामुळेही. कागदाला निळा उजेडच जास्त दिसतो, म्हणून आकाश प्रिंटवर कोरं राहतं. ग्रीनच्या फोटोंतली ती रिकामी जागा निम्मी रसायनाची करामत आहे.

डेव्हलपिंगला संपृक्त गॅलिक अ‍ॅसिड, त्यात सिल्व्हर नायट्रेटचे मोजके थेंब, दोन-तीन तास. द्रावण 22 अंशांवर जाऊ देऊ नका. तापलं की गढूळतं आणि चांदी सगळीकडे बसते. ट्रे आधीचा मळका असला तरी तेच.

हायपो (प्रतिमा पक्की करणारं द्रावण) आणि धुण्यानंतर वाळलेली निगेटिव्ह दुधाळ, ठिपकेदार दिसते. फेकू नका. टीपकागदात घालून पुन्हा इस्त्री फिरवा. मेण वितळून बसतं आणि ती परत पारदर्शक होते.